ठसेमावशींनी अडवलेला डिस्चार्ज

आमच्या वॉर्डात प्रत्येक बाळाच्या पायाचा ठसा दोनदा घेतात. एकदा जन्मल्यावर तासाभरात, एकदा घरी जाताना. दोन्ही ठसे एकाच कागदावर शेजारी शेजारी, जुळले की फाइल बंद, आणि मगच बाळ घरी. बाळांची अदलाबदल होऊ नये म्हणून कुणीतरी कधीतरी काढलेला हा नियम. आता मनगटाला नंबराची पट्टी असते, ठशाचं तसं काही काम उरलेलं नाही. पण नियम रद्द करायचा म्हणजे एक अर्ज आणि तीन सह्या लागतात, आणि एवढा उत्साह आहे कुणाला?

हे काम एकोणीस वर्षं एकच बाई करत आल्यात. त्यांना सगळे ठसेमावशी म्हणतात. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, नखांच्या कडांना कायम काळी शाई. लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्यानं चांगले रबरी हातमोजे आणून दिले, तर ते कपाटात ठेवून दिले. का, तर म्हणे मोज्यातून पाय कळत नाही. आता पायात कळायचंय काय, असं मी तेव्हा विचारलं होतं. मी म्हणजे इथली मोठी सिस्टर. राग माझ्या नाकावर असतो, नव्या मुली माझ्या चपलांच्या आवाजानं सरळ उभ्या राहतात. राहू देत, काम तरी होतं.

मावशींची पद्धत मला कधीच पटली नव्हती. डाव्या हातात बाळाची मूठ धरायची, उजव्या हातानं पाय शाईवर टेकवायचा, मग कागदावर. मूठ धरली की पोर झटकत नाही, असं त्यांचं म्हणणं. बरं, तेवढ्यावर भागत नाही. बाळाशी गप्पा. "काय साहेब, निघालात का? आम्हाला विसरू नका हं." एका बाळाला दहा मिनिटं! मी घड्याळ दाखवायची, त्या चष्मा पुसायच्या.

त्या सकाळी अकरा बाळं घरी जायची होती. घरी सोडण्याआधी प्रत्येकाच्या रक्तातला प्राणवायू मोजायचा असतो. यंत्राची छोटी पट्टी एकदा उजव्या हाताला, एकदा पायाला गुंडाळायची आणि दोन्ही आकडे लिहायचे. आता मी काय केलं ते सांगते, लपवून काय मिळणार आहे? खिडकीजवळच्या पाळण्यातला मुलगा, अडीच दिवसांचा. पायाला पट्टी लावली तर यंत्र आकडाच दाखवेना. नुसत्या रेघा. असं आमच्याकडे रोज होतं. पाय हलला की रेघा, पाय गार असला की रेघा. मी पट्टी काढून हाताला लावली. अठ्ठ्याण्णव. झकास. आणि हाताच्या चौकटीत अठ्ठ्याण्णव लिहिलं, पायाच्या चौकटीतही अठ्ठ्याण्णव लिहिलं. पुढचं बाळ.

दुपारी बाराच्या सुमाराला दारापाशी आवाज चढला म्हणून गेले. त्या मुलाचा बाप टॅक्सी चालवायचा. टॅक्सी फाटकातच उभी, पहारेकरी शिट्टीवर शिट्टी मारतोय, आणि आई सामान बांधून पलंगाच्या कडेला बसलेली. मावशी मात्र कागद पोटाशी धरून उभ्या. दुसरा ठसा घेतलेलाच नव्हता.

"मी ठसा घेणार नाही," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे काय? तुमच्या घरचा कागद आहे का?" मी कडाडले.

"सिस्टर, बाळाचा पाय गार आहे."

"शाई गार असेल! पंखा बंद करा, मोजे घाला. अडीच दिवसांच्या बाळाचे पाय गारच असतात."

"असतात ना. पण मग हातही गार असतात. याची मूठ गरम आहे हो. एकाच वेळी दोन्ही धरलंय मी. वर एक पोर आहे आणि खाली दुसरंच आहे. पाव तास चोळतेय, ऊब येत नाही. जन्मला तेव्हा असं नव्हतं."

बाप मधे पडला. "ओ मावशी, सगळे डॉक्टर बघून गेले, आता तुम्ही काय नवीन काढलंत? द्या तो कागद!" त्यानं हात पुढे केला. मावशी दोन पावलं मागे सरल्या, पण कागद काही सोडला नाही. एकोणीस वर्षांत त्यांनी कुणाला उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आत्ता खोटं पाडते हिला. यंत्र ओढत आणलं, पट्टी बाळाच्या हाताला लावली. "वाचा. सत्त्याण्णव. झालं समाधान?"

"पायाला लावा," मावशी म्हणाल्या.

"पायाला घेत नाही ते, किती वेळा सांगू..." एवढं बोलले आणि माझी जीभच अडखळली. पायाला घेत नाही. सकाळीही घेतलं नव्हतं. मी पट्टी पायाला गुंडाळली आणि हातानं दाबून धरली. रेघा. रेघा. मग आकडा आला, एकोणऐंशी. मी बाळाच्या जांघेत दोन बोटं ठेवली. तिथं नाडी टकटक लागली पाहिजे. काही म्हणजे काही लागत नव्हतं. डॉक्टरांना हाक मारली ती वरच्या मजल्यापर्यंत गेली असणार.

मुलांचे डॉक्टर धावत आले. हृदयाची सोनोग्राफी झाली. मग त्यांनी आईबापांना समोर बसवून साध्या शब्दांत सांगितलं. हृदयातून निघणारी मोठी धमनी डोक्याला आणि हातांना रक्त देते आणि पुढे खाली जाते. या बाळाची धमनी मधेच तुटलेली आहे, पुढचा जोडच नाही. फार थोड्या बाळांत असं असतं. पोटात असताना प्रत्येक बाळाला एक जादा नळी असते. आजवर तीच त्याच्या कमरेखाली रक्त पोचवत होती. जन्मानंतर ती आपोआप मिटते, आणि आता ती मिटत चालली आहे.

"आम्ही घरी गेलो असतो तर?" आईनं विचारलं. ती शाळेत गणित शिकवायची. उत्तर तिला आधीच कळलं होतं, तरी विचारलं.

"आज संध्याकाळ निघाली नसती," डॉक्टर म्हणाले.

ती नळी उघडी ठेवणारं औषध असतं. सलाइनमधून थेंब थेंब सुरू केलं. आम्ही सगळे यंत्राकडे टक लावून बसलो आणि मावशी बाळाचं पाऊल हातात धरून. मी त्यांना जा म्हटलं नाही, माझी हिंमतच नव्हती. तासाभरानं त्या पुटपुटल्या, "आली. ऊब आली." मग यंत्राचा आकडाही चढायला लागला. यंत्राला मागून कळलं, त्यांना आधी!

त्याच दुपारी बाळाला हृदयाच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. चौथ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. लिंबाएवढं हृदय, आणि त्यावरची धमनी जोडायची. सहा तास. त्या सहा तासांत मी दोनदा औषधाच्या कपाटाची किल्ली हरवली, एका नव्या मुलीवर उगाच ओरडले आणि तिची माफीही मागितली. ती बिचारी माफीलाच जास्त घाबरली. मावशी कामावर होत्या, पण बाळांशी एक शब्द बोलत नव्हत्या. शेवटी फोन वाजला. तिकडची सिस्टर म्हणाली, "जोडली. पायाची नाडी लागतेय, जोरात लागतेय." मी फोन तसाच टाकून वॉर्डभर ओरडत सुटले, "लागतेय! नाडी लागतेय!" सात बाळं एकदम उठून रडायला लागली. रडा रे, म्हटलं, मनसोक्त रडा!

आठवड्यानं मोठ्या डॉक्टरांनी नोटीस लावली: दक्ष परिचारिकेमुळे बाळाचा जीव वाचला. परिचारिका म्हणजे मी. मी पेनानं ते खोडलं, वर मावशींचं नाव लिहिलं, आणि खाली लिहिलं की पायाचा आकडा न मोजता भरला होता, तो मी भरला होता. मोठ्या डॉक्टरांनी बोलावून झाप झाप झापलं. झापायलाच हवं होतं. तेव्हापासून पायाला रेघा आल्या की बाळ घरी जात नाही. मग कितीही टॅक्स्या शिट्ट्या खाऊ देत.

पाच आठवड्यांनी तिघं आली. बाप हात जोडून माझ्याकडेच वळला. "सिस्टर, तुम्ही होतात म्हणून..."

"मी होते म्हणून तो घरी चालला होता," मी म्हटलं. आणि त्या दोघांसमोर सगळं सांगून टाकलं, रेघांपासून दोन्ही चौकटींतल्या आकड्यांपर्यंत. बापाचा चेहरा उतरला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. आईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मावशी कुठं आहेत?" तिनं विचारलं.

मावशी ओले हात पदराला पुसत आल्या. आईनं बाळ त्यांच्या हातात दिलं. मावशी एकदम वाकल्या आणि ओरडल्या, "अगं बाई, केवढा जड झालाय हा!" बाळाच्या मुठीत त्यांचा चष्मा अडकला आणि खाली ओढला गेला. मावशी हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात मोकळा नव्हता म्हणून ते पुसायचं राहून गेलं होतं.

मग आई माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कधीच कळलं नसतं," ती म्हणाली. मावशींच्या हातातून तिनं बाळ घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. "घ्या."

मला घेववेना. तिनं हात मागे घेतले नाहीत. शेवटी मी त्याला घेतलं.