फाल्गुनात अडणारा घास

रुपराव नागपूरच्या इतवारीत गव्हाचे दलाल आहेत. चार दाणे तोंडात टाकायचे, दाढेखाली फोडायचे आणि ओल सांगायची. मोसमात दिवसाला साठेक नमुने होतात. या धंद्याला पदवी लागत नाही, दाढा लागतात.

फाल्गुनात नवा गहू उतरू लागला, की रुपरावांचा घास छातीत अडे. ते ताटावरून उठत, मोरीपाशी उभे राहत आणि डोळे पुसत परत येत. पावसाळ्यात त्रास कमी होई. वैशाखात आठ दिवस ते चिखलदऱ्याला थोरल्या बहिणीकडे जात, तिथे तर काहीच अडत नसे. मग त्या बहिणीचा, प्रेमिलाताईंचा, वहिनीला फोन येई, "इथं माहा भाऊ कसा पटापट जेवते! तिथंच काहून अडकते वं?"

सव्वीस वर्षं पोळ्या लाटणाऱ्या बायकोवर, वंदनाबाईंवर, हा सरळ आरोप होता. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरात, दूध न आल्याच्या खुणेशेजारी, घास अडला की लाल फुली मारू लागल्या. चार वर्षं मारल्या.

यंदा चैत्रात एक घास दोन तास हलेना. रामदासपेठेत डॉक्टर गोपिकांनी दुर्बीण घालून तो काढला आणि अन्ननलिकेचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. निघाली ॲलर्जी.

"कधी अडतं? कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

वंदनाबाईंनी पिशवीतून चार कॅलेंडरं काढली.

डॉक्टर पानं उलटत राहिल्या. "काही देशांत हा आजार परागकणांच्या दिवसांत वाढलेला दिसतो, काही ठिकाणी दिसत नाही. थंड, कोरड्या मुलखात जास्त सापडतो असंही म्हणतात. नागपूरचं मात्र असं मांडलेलं मी पाहिलं नाही."

"ते राहू द्या मॅडम. माही पोळी खराब आहे का, तेवढं सांगा."

दर वैशाखात आठ चौकोन कोरे होते आणि त्यांवर "चिखलदरा" लिहिलं होतं. "तिथे काय जेवता?" डॉक्टरांनी विचारलं.

"ज्वारीची भाकर," रुपराव म्हणाले.

"मग पोळी कोणाच्याही हातची असो. गहू असेल, नाहीतर गव्हाची धूळ. औषध घ्या आणि दोन्हींपासून दूर राहून बघा."

"हे लिहून द्या," वंदनाबाई म्हणाल्या.

ऑटो मिळायच्या आत तो कागद कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता.

आता दाणे मुनीम संघपाल फोडतो. तोंडाला रुमाल बांधलेले रुपराव कान लावून आवाजावरून ओल ओळखतात. "भाऊ, माह्या दाढा काय भाड्याच्या आहेत का?" असं तो रोज विचारतो आणि पुढचा दाणा फोडतो.

सहा आठवड्यांनी दुर्बिणीत अन्ननलिका स्वच्छ दिसली. दाणा की धूळ, हे ठरलं नाही. वंदनाबाईंपुरतं प्रकरण निकाली निघालं.

तेवढ्यात प्रेमिलाताई स्वतः आल्या. चिखलदरा सोडून मे महिन्यात नागपुरात उतरायला कारण जबर लागतं. भाऊ भरल्या मोसमात, घरच्याच ताटावर, न थांबता जेवत होता. त्यांनी टोपलीतली भाकर उचलून पाहिली.

"म्हणजे माह्या हाताचं काही नव्हतं?"

"नाही ना ताई. ज्वारीचं होतं."

"पण ज्वारी तं मीच निवडत होती ना?"

वंदनाबाईंच्या लेखी एवढं श्रेय सोडायला हरकत नव्हती.

"हो, ते आहेच," त्या म्हणाल्या आणि रुपरावांच्या ताटात दुसरी भाकर टाकली.