नलूताई आणि तळ्यातली पसई

संध्याकाळी फाटकातून बाहेर पडण्याआधी नलूताई पदर झटकायच्या आणि आम्हा मदतनिसांनाही कपडे झटकायला लावायच्या. "शर्ट झटक, भैया! परागकण घेऊन अधारताल वस्तीभर फिरशील." आम्ही हसायचो. त्या हसायच्या नाहीत.

आमच्या संशोधन केंद्राच्या शेतावर जनुक बदललेल्या भाताची चाचणी चालली होती. तणनाशक फवारलं तरी हा भात मरत नसे. चाचणी नलूताईंच्या हातात, पण जीव कुंपणापलीकडच्या तळ्यात अडकलेला. तिथे पसई, म्हणजे आपोआप उगवणारा रानभात. हरछठीच्या उपासाला नांगर लागलेलं धान्य चालत नाही, म्हणून इथल्या बाया पसई खातात. ताई मूळच्या नागपूरकडच्या, पण मुलासाठी हे व्रत त्यांनी शेजारणींकडून उचललं होतं.

पसई पावसाच्या भरवशावर, आमचा भात पंपाच्या. पसई आधी फुलून जाते, तेव्हा काळजी नाही, असा ताईंचाच हिशोब. त्या वर्षी मेला पाऊस लांबला, पसई मागे पडली आणि दोन्ही एकदमच फुलोऱ्यात आले. ताई बांधावर उभ्या, वारा तळ्याकडे. "काहून तिकडेच वाहून राहिला रे हा?"

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी तळ्यातलं बी ट्रेमध्ये रुजवलं आणि रोपांवर तणनाशक मारलं. मरेल ते रोप निर्धोक. रोज सकाळी ट्रेवर वाकून म्हणायच्या, "मरा ग बायांनो, मरा." जन्मभर रोपं जगवणारी बाई हे म्हणायची. सगळी पिवळी पडली. कोपऱ्यातलं एक हिरवंगार राहिलं. "चलो, झालं," ताई म्हणाल्या.

त्यांनी लगेच वरिष्ठांना सांगितलं. चाचणी थांबली, तळ्यातली पसई उपटली. पण चिखलात पडलेलं, पाण्याबरोबर पुढच्या तळ्यांत गेलेलं बी कोण वेचणार?

हरछठीला मी कमानिया गेटच्या बाजारातून पसई घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पुडी उघडलीच नाही. नुसतं दही आणि मोहाची फुलं खाल्ली.

"अहो ताई, एका रोपानं काय होतंय?"

"नांगर नाही लागला भैया, पण माझा हात लागला ना."

ताई जाऊन बरीच वर्षं झाली. फाटकाशी आता कोणी हटकत नाही. त्यांची सून आता आपल्या लेकासाठी उपास धरते. परवा तिनं विचारलं, "काका, पसई कोणत्या तळ्याची आणू?"

मला एकाही तळ्याचं नाव घेता आलं नाही.