चारकोपच्या पुरचुंडीत काय होतं

मुलुंडहून चारकोप गाठायचं ठरलं ते आमच्या सुमनच्या शिंकांमुळे. दरवर्षी फाल्गुनात तिचे डोळे सुजतात, नाक गळतं, शिंका मोजून मोजून माणूस थकतो. यंदा त्याच फाल्गुनात तिची मॅट्रिक. मंगळवारी पहिला पेपर. डॉक्टरांच्या गोळीने शिंका थांबतात, पण पोरगी भूमितीच्या पुस्तकावर डोकं टेकून झोपी जाते. शेजारचे भाऊसाहेब म्हणाले, चारकोपच्या वैद्यराजांकडे न्या, तीन शिंकांत गुण. आणि वर्षभर लोकांच्या भोळेपणावर लेख पाडणारा मी रविवारी सकाळी मुलीला घेऊन निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. दादरला गाडी बदलून कांदिवलीला उतरावं. बाहेर टांगेवाले आठ आणे म्हणतात, सहाला येतात. पुढचा रस्ता रस्ता म्हणवून घेतो इतकंच. वाटेत खायला काही मिळत नाही, दशम्या बांधून न्याव्यात. मिठागरांवरचा खारा वारा मात्र झकास. त्या वाऱ्यात सुमन अर्धा तास एकदाही शिंकली नाही. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

वैद्यराज राहतात भर आंबराईत. फाटकातून आत गेलो आणि पोरीने लागोपाठ अकरा शिंका दिल्या. त्यांनी नाडी धरली. वसंतात कफ पातळ होऊन बाहेर पडतो, लक्षण चांगलं आहे म्हणाले. मग काळ्या दोऱ्यातली एक पुरचुंडी दिली. गळ्यात बांधायची, तासातासाला हुंगायची. आत काय आहे, असं मी विचारलं.

"नाव उच्चारलं की औषधाचा गुण जातो," ते म्हणाले. "गुरूची आण आहे."

बाकावरच्या सगळ्या रोग्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. वर दोऱ्याची गाठ मी माझ्या हाताने मारली.

परतीच्या टांग्यात रिकामी पाटी घेऊन जानकीबाई नावाची एक कोळीण बसली. सुमनचे डोळे मिटले होते, छातीतून शिट्टी वाजत होती, आणि मी शहाणा तिला म्हणत होतो, आणखी हुंग. जानकीबाईंनी सरळ पुरचुंडी ओढून गाठ सोडली. अहो, उघडू नका, गुण जाईल, मी म्हणालो.

"पोरीचा दम चाललाय आन् तुमाला गुणाची पडलीय?" त्यांनी पूड तळहातावर चोळून वास घेतला. "आंब्याचा मोहोर हाय, वाळवून कुटलेला. माझी सून ह्याच्यानंच शिंकते."

सुमन नाकातल्या नाकात म्हणाली, "अण्णा, आपल्या खिडकीशीपण आंबाच आहे."

पुरचुंडी रस्त्याकडेच्या खाजणाच्या चिखलात गेली. मी टांगा मागे वळवायला सांगितला, त्या वैद्याला चार शब्द ऐकवायचेच होते. सुमनने माझी बाही धरली. "मंगळवारी पेपर आहे. भांडण सुट्टीत करा."

जानकीबाईंनी ओव्याची वाफ घ्यायला सांगितली, गरम पाण्याने तोंड धुवायला सांगितलं, आणि ती खिडकी बंद करायला. नाव सांगितलंत, आता ओव्याचा गुण गेला, मी कडवटपणे म्हणालो. त्या म्हणाल्या, "ओवा काय लाजतो व्हय?"

घरी आल्याबरोबर खिडकी लावली, फटींत ओली फडकी कोंबली. दोन दिवस वाफ चालली. मंगळवारी सुमन चार वेळा शिंकली आणि पूर्ण तीन तास लिहीत बसली. ओव्याने की खिडकीने, मला ठाऊक नाही. मोहोर औषधी असेलही, कुणाला लागूही पडत असेल. पण नुसतं नाव सांगितलं असतं, तर सोळा वर्षांच्या पोरीनेच ते औषध परत केलं असतं. संताप त्याचा आहे. स्वतःचाही आहे, कारण मान मी डोलावली होती.

संध्याकाळी भाऊसाहेबांनी विचारलं, काय दिलं हो वैद्यराजांनी? मी गॅलरीत उभा राहून साऱ्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडलो, "आंब्याचा मोहोर!"

भाऊसाहेबांनी कानांवर हात ठेवले. गुण घालवलात, म्हणत वळले, तेव्हा सदऱ्याच्या गळ्यातून काळा दोरा दिसला. त्यांनी दार लावून घेतलं. आतून तीन शिंका ऐकू आल्या, मग चौथी, मग पाचवी.