धानाची दुसरी प्रत

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी संशोधन सहायक म्हणून लागलो, पण माझं खरं काम कॉम्प्युटर सांभाळण्याचं होतं आणि त्याची मला थोडी मिजासही होती. चंद्रपूरच्या उन्हात माणसं कशीबशी तगतात, हार्ड डिस्क तगत नाही. एका मे महिन्यात आमची डिस्क गेली आणि तिच्यासोबत सरांचं दीड वर्षाचं काम गेलं. सर रागावले नाहीत, नुसते खुर्चीत बसून राहिले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

काम होतं आमच्या दोन जिल्ह्यांतल्या जुन्या धानांचं. गावोगाव फिरून आम्ही अडतीस वाण गोळा केले होते. बी ओल्या कागदावर उगवायचं, कोवळी पानं वाटून डीएनए काढायचा आणि तो हैदराबादला पाठवायचा. तिथलं यंत्र त्यातली अक्षरं ओळीनं वाचायचं आणि ती भरलेल्या डीव्हीडी कुरिअरनं आमच्याकडे यायच्या. अक्षरं चारच, पण लांबी अशी की वाचणाऱ्याचा जन्म सरावा.

त्या डीव्हीडी होत्या म्हणून वाचलो. मी सरांना म्हटलं, आता हे सगळं इंटरनेटवर ठेवू. 'क्लाऊड' हा शब्द तेव्हा नुकताच कानावर येऊ लागला होता.

"म्हणजे नेमकं कुठे?" सरांनी विचारलं.

"परदेशातल्या मोठ्या कॉम्प्युटरांत. एक बंद पडला तरी दुसऱ्यात प्रत असते."

खातं उघडायला परदेशात चालणारं कार्ड हवं होतं. ते निघालं फक्त सरांच्या जावयाकडे, आणि जावयापाशी शब्द टाकायला सरांनी आठवडा घेतला. मग माझी परीक्षा सुरू झाली. फोनच्या तारेवरून येणारं नेट, एक डीव्हीडी चढायला चार-चार दिवस, मध्ये वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. मी इतका चिडचिडा झालो होतो की शिपाई चहा दारातच ठेवून जायचा. भारा उचलत नसेल तर पेंड्या करून न्याव्यात, हे शेतावरच्या पोराला कळतं. मला ते कळायला महिना लागला. फायलींचे बारीक तुकडे केले तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. दिवाळीच्या आधी सगळं वर चढलं. दोन ठिकाणी प्रती ठेवायची सोय चालू केली, एकेक फाईल उघडून तपासली, आणि घरी जाताना मी चक्क शीळ घालत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात एक बाई प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. मूल तालुक्यातली, साठीच्या आसपासची. दोन वर्षांपूर्वी तिनं आम्हाला ओंजळभर धान दिलं होतं. तिची एकुलती एक बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा, तलावाच्या पायथ्याशी. तिथं मांडीभर पाणी उभं राहतं आणि त्यात हे एकच उंच वाढणारं धान तगतं, बाकीचं कुजून जातं. बी देताना ती म्हणाली होती, "एका घरी ठेवलेला वाण म्हणजे वाण नसते, भाऊ. दुसऱ्या घरी असला का आपला गेला तरी आणता येते. एक जाऊबाईकडं हाय, आता एक तुमच्याकडं." मला ते इतकं आवडलं की मी लगेच वहीत उतरवून घेतलं.

"भाऊ, माझं धान न्याले आली," ती म्हणाली. तिच्या कणगीत पाणी शिरलं होतं आणि बियाण्याला कोंब फुटून ते वाया गेलं होतं. जावेनं तो वाण केव्हाच सोडून दुकानातलं ठेंगणं बियाणं धरलं होतं. पऱ्हे टाकायला, म्हणजे रोपांसाठी बी पेरायला, पंधरा दिवस उरले होते. या साली बी मिळालं नाही, तर बांधी पडीक जाणार होती आणि वाणही संपणार होता.

मी तिला स्टूलवर बसवलं आणि, कबूल करायला लाज वाटते, डीव्हीडी लावून पडद्यावर तिच्या धानाची अक्षरं दाखवली. तिनं पुढं वाकून एका ओळीवरून बोट फिरवलं.

"हे लिहिलेलं हाय," ती म्हणाली. "धान कुठी हाय?"

धान नव्हतं. प्रती तपासून झाल्यावर मीच बियाण्यांचं कपाट आवरायला काढलं होतं आणि शिपायाला म्हटलं होतं, फेकून द्या, सगळं आता वर आहे.

"फेकलं, बाई."

"काऊन?"

"सोंडे किडे लागले होते."

"सोंडे लागलं तरी अर्धं उगवते, भाऊ."

ती ओरडली असती तर मी काहीतरी कारणं दिली असती. तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि उठायला लागली. तेव्हा मला सरांचं बोलणं आठवलं. तिच्या धानाशी दुसरा एक नमुना अगदी सारखा निघाला होता आणि सर म्हणाले होते, एक काढून टाक, उगाच जागा अडवतंय. कंटाळ्यानं मी ते केलं नव्हतं. "बाई, थोडं थांबा," म्हटलं आणि वर साठवलेलं उघडायला घेतलं. नेट नेहमीसारखं रांगत होतं. पाऊण तास ती स्टूलवर आणि मी खुर्चीत. शेवटी यादी उघडली. दुसरा नमुना मुलचेऱ्याजवळच्या एका बंगाली शेतकऱ्याचा होता. नाव वेगळं, अक्षरं हीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं निघालो. आष्टीला गाडी बदलली. तिच्या पिशवीत लाखोरीच्या डाळीचं बी होतं. वाण विकत घेत नाहीत, बीला बी द्यायचं असतं, हे तिनंच मला सांगितलं. शेतकरी म्हातारा निघाला. हिंदीत म्हणाला, त्याचे वडील निर्वासित म्हणून इथं वसायला आले तेव्हा एका गोंड घरानं हे बी दिलं होतं, बंगाली नाव त्यांनी मागाहून ठेवलं. सुपात धान आलं. तिनं चार दाणे तळहातावर घेतले, उन्हात धरले, एक दातांखाली फोडला.

"हाच," म्हणाली, आणि लाखोरीची पिशवी म्हाताऱ्यापुढं ठेवली.

परतीच्या गाडीची वाट बघताना तिनं बियाण्याचे दोन भाग केले, एक स्वतःचा, एक शेजारणीचा. जावेवर आता तिचा भरवसा नव्हता. मी रुमाल पसरला.

"आमच्याकडंही थोडं द्या, बाई. या डाव नीट ठेवीन."

तिनं शेजारणीच्या पुरचुंडीला गाठ मारली.

"राग नोका मानू, भाऊ. तुमच्याकडं बांधी नाई. ठेवसान कुठी?"

राग आला नाही. वाईट मात्र खूप वाटलं, कारण ती बोलली त्यात खोट काढायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी यादी पुन्हा उघडली. शेवटचा रकाना होता, 'बियाणं कुठे आहे'. तिच्या धानापुढं मी आमच्या प्रयोगशाळेचं नाव खोडून तिच्या गावाचं घातलं. मग नजर खाली गेली. प्रत्येक ओळीत आमचंच नाव होतं, माझ्याच हातानं भरलेलं. कपाट तर मी एकाच दिवसात सगळं रिकामं केलं होतं. मुलचेऱ्याचं धान त्या म्हाताऱ्याच्या घरी तरी होतं. राहिले छत्तीस. ते देणाऱ्यांपैकी अजून कोणी न्यायला आलं नव्हतं.