अक्कांनी विचारलेला एक प्रश्न

अक्का गेल्याचं मला माझ्या टायरच्या दुकानात कळलं. गिऱ्हाईक सहज बोलून गेलं, "दवाखान्यातल्या सुशीलाअक्का गेल्या. झटका आला." हातातला पाना खाली ठेवला आणि तसाच मोटारसायकलवर त्यांच्या गावी, सास्तूरला निघालो. त्यांच्या अंगणात माझ्यासारखी पुष्कळ माणसं उभी होती, घरच्यांना अनोळखी. मुलानं विचारलं, "तुमची आईशी ओळख कशी?" म्हणालो, "दवाखान्यातली." बाकीचेही तेवढंच सांगत होते...

उमरग्याच्या सरकारी दवाखान्यात अक्का एचआयव्ही तपासणीच्या समुपदेशक होत्या. सहा वर्षांपूर्वी मी हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवायचो. एका मुक्कामी पाऊल घसरलं आणि मनात भीती बसली. गावात तपासायला जावं तर कुणीतरी बघणार. म्हणून घरी करायचं किट ऑनलाइन मागवलं, न्हाणीघराला कडी लावून बोटाला सुई टोचली. एकच रेघ आली, म्हणजे लागण नाही. मारुतीला नारळ फोडला. तरी धडधड जाईना, म्हणून दवाखान्यात फोन लावला आणि नाव न सांगता म्हणालो, "एकच रेघ आलीय. म्हंजे सुटलो न्हवं?"

पलीकडून अक्कांनी विचारलं, "घडलं कवा?"

"तीन आठवडे झाले."

"मग सुटलो म्हणू नका एवढ्यात. अंगात असलं तरी तपासणीत दिसायला येळ लागतो. तीन महिने झाले की पुन्हा बघा. तवर घरात निरोध वापरा, विसरू नका."

कुठं, कुणाबरोबर, काहीच विचारलं नाही.

तीन महिन्यांनी किटवर दोन रेघा उमटल्या. त्याच दिवशी अक्कांसमोर जाऊन बसलो. आवाज ओळखून त्या अरे-तुरेवर आल्या. "घरच्या किटवर पक्कं धरायचं नसतं रे. इथं पुन्हा तपासू." पुन्हा तपासलं, निकाल तोच निघाला. मी रडत होतो, त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "रोज गोळी घेतलीस तर म्हातारा होशील. पण बायकोला सांगायला पाहिजे. तिचीबी तपासणी करायची."

अक्का शेजारी बसून राहिल्या, तेव्हा कुठं बायकोला, कमलला, सांगू शकलो. कमल कितीतरी महिने माझ्याशी बोलली नाही. पण तिची तपासणी चांगली आली, पुढंही चांगलीच येत राहिली. त्या फोनवर अक्कांनी तो प्रश्न विचारला नसता, तर एका रेघेच्या भरवशावर मी तिचाही घात केला असता...

अक्कांनी हे कुणाला, घरातसुद्धा, सांगितलं नाही. म्हणून आज मीच लिहितोय, कमलला विचारून.

मागच्या आठवड्यात गोळ्या आणायला गेलो. अक्कांच्या जागी नवी मुलगी आहे. येणाऱ्याची खुर्ची तिनं दाराकडं पाठ करून ठेवली होती. मी बघतोय हे पाहून म्हणाली, "अक्कांच्या हाताखाली असताना त्यांनीच शिकवलंय. बाहेरून जाणाऱ्याला तोंड दिसायला नको."

मी खुर्चीत बसलो.