आनंदीचा तिसरा डाग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, लेकींना नाही. तुम्हाला सांगते, पण मान खाली घालून नाही, हे आधीच ऐकून ठेवा.

आमच्या तोंडवलीत गुडघे धरले की बायका माझ्याकडे यायच्या. हळकुंड निखाऱ्यावर तापवायचं, दुखरी शीर चाचपायची आणि तिथे टेकवायचं. विद्या आईची. कित्येकींना बरं वाटलंही — का वाटलं, ते मला विचारू नका.

मग माझाच गुडघा धरला. स्वतःला डाग देऊन पाहिला, एकदा, दोनदा. काही नाही! गोवा पोर्तुगिजांकडून सुटला त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. कोकमाची सोलं विकायचं निमित्त करून मी मालवणात डॉक्टरकडे गेले. तो म्हणाला, झिजलेला गुडघा काही नवा होणार नाही, पण दुखणं ज्या शिरेतून येतं ती बधिर करता येते. दाढ काढताना देतात तसलं इंजेक्शन. दुखणं थांबलं. काही आठवड्यांनी परत सुरू झालं की मी परत सोलं घेऊन निघायची. गावात कुणी विचारलं, तर डागाचा गुण म्हणायची. का नाही म्हणायचं? डाग देणारी स्वतः सुई टोचून घेते, हे कळल्यावर कुणी दारात उभं केलं असतं मला?

आनंदी माझी धाकटी जाऊ. तिला दोन डाग देऊन झाले होते. तिसऱ्यांदा आली, त्याच्या आदल्याच दिवशी मी मालवणला जाऊन आले होते. चुलीपुढे मी सहज उकिडवी बसले — ते ती बघत राहिली.

"वयनी, तुका गुण इलो, मगे माका कित्या येना नाय?"

एका वाक्याचं काम होतं. पण माझं नाव गेलं असतं — आणि त्या नावाशिवाय माझं स्वतःचं असं होतं तरी काय हो? मी हळकुंड तापवलं. तिने पदर दातांत धरला. आधीचा डाग अजून ओला होता, त्याच्यावरच टेकवलं.

तो चिघळला. पाय वाकायचा बंद झाला. मरेपर्यंत आनंदी भिंत धरून चालली, आणि मी सोलं विकायला जात राहिले.

कुणी विचारलं तर ती म्हणायची, "वयनीच्या हाताक गुण आसा. माझाच हाड खोटा."

मी तिथेच असायचे. ऐकायचे, आणि पुढच्या बाईसाठी निखारे फुंकायचे.