आईचं पहिलं वाक्य

परदेशात वाढलेल्या नातीशी बोलता यावं म्हणून आई या वयात इंग्रजी शिकते आहे. काल मेथी निवडता निवडता मी तिला सांगितलं, "गिव्ह अप म्हणजे सोडून देणं. आता तुझ्या मनानं एक वाक्य कर."

"आय गेव्ह अप स्विमिंग," ती लगेच म्हणाली.

माझा हात मेथीतच थांबला. समुद्रावर गेलो की वाळूत आमच्या चपला सांभाळत बसणारी ती हीच ना?

"तुला पोहता येतं?"

"कृष्णेच्या पुरात उड्या मारायचे मी. लग्नानंतर कुठलं पोहणं!"

कमाल आहे! एका घरात, एका भाषेत जन्म गेला आमचा, आणि हे मला इंग्रजीतून कळावं?

"बरोबर आहे ना गं?" तिनं विचारलं.

वाक्यात एकही चूक नव्हती.